डोकं एकच असेल तर भिडू कशाला म्हणायचं?

आज सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना पोकेमॉनमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

तीन आठवडे घासून मी आणि धाकट्या बहिणीने मिळून चार जणांचा एक फॉरमॅट, म्हणजे लढतीचे आपले नियम, बनवला. दोन विरुद्ध दोन. नाव ठेवलं ‘उसनवारी’. काल रात्री एका जुन्या मित्राला मोठ्या हौसेने नियम पाठवले. हा माणूस शोडाऊनवर, म्हणजे पोकेमॉन ऑनलाइन लढवायच्या साइटवर, माझ्याही आधीपासून खेळतो. सकाळी उत्तर आलं, एका ओळीचं: “हे डबल्सच आहे ना, फक्त हात चार. आणि बॅनलिस्ट कुठाय?”

बॅनलिस्ट! म्हणजे काय काय बंद त्याची यादी. अरे, एक डाव तरी खेळ आधी!

डबल्स आम्हालाही माहीत आहे बाबा. 2002 साली रुबी-सफायर या गेम्समध्ये आलं तेव्हापासून आहे. मैदानात एका बाजूला दोन पोकेमॉन, पण त्या दोघांच्या मागे डोकं एकच. तुझा गार्चोम्प अर्थक्वेक करणार (हा मार शेजारच्या आपल्याच पोकेमॉनलाही लागतो) हे तुझ्या हीट्रॅनला आधीच ठाऊक असतं, कारण ठरवणारा तूच. त्याच फेरीत तू हीट्रॅनला प्रोटेक्ट, म्हणजे त्या फेरीपुरता मार अडवणारी चाल, देतोस, किंवा शेजारी उडणारा काहीतरी उभा करतोस, आणि विषय संपतो. तिथे दगाफटका नाही, गैरसमज नाही, रुसवा नाही. बुद्धिबळ आहे ते, चांगलंच आहे. पण त्यात भिडू कुठाय?

भिडू म्हणजे काय हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस सांगतो.

मल्टी बॅटल, म्हणजे जोडी विरुद्ध जोडी, प्रत्येक खेळाडूचे तीन पोकेमॉन. मी आणि धाकटी एका बाजूला, समोर दोन मित्र. ती नवीन, म्हणून मी तिला जवळजवळ कच्चं लिंबूच धरलं होतं. कॉलवर होतो. पहिल्या पाच फेऱ्या मी सांगत होतो आणि ती बटणं दाबत होती. “आता हे मार. आता थांब. आता बदल.” सहाव्या फेरीला माझा आवाज तुटला, बहुतेक नेट गेलं असावं. तिने स्वतःच्या डोक्याने तिच्या गार्चोम्पचा अर्थक्वेक मारला. समोर एकजण हवेत, त्याला शून्य. दुसऱ्याला बरं लागलं, पण पडला नाही. आणि शेजारी माझा हीट्रॅन, अग्नी आणि पोलाद, जमिनीच्या माराला चौपट कच्चा. एका फटक्यात आडवा. एकाहून जास्त जणांना लागणारा मार पाऊणपट होतो म्हणतात ना, तेवढ्या सवलतीने हीट्रॅन कुठे वाचतो!

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती शांतपणे म्हणाली, “दादा, मला वाटलं तू प्रोटेक्ट करशील.”

हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. कारण खरंच, तिच्या जागी मी असतो तर भिडूकडून हीच अपेक्षा धरली असती. गार्चोम्प शेजारी उभा असताना हीट्रॅनवाल्याने सावध राहायचं हे मलाच कळायला हवं होतं. पण मी तिला खेळाडू धरलंच नव्हतं. ती काही करेल हेच माझ्या हिशोबात नव्हतं.

म्हणजे पाच फेऱ्या मी डबल्सच खेळत होतो. बहिणीचे हात वापरून.

आता माझ्या मित्राच्या बाजूने एवढं म्हणतो, की कॉलवर बोलत खेळलं तर चार हातांचं डबल्सच होतं, हे त्याचं बरोबर आहे. झालं, दिलं त्याला एक वाक्य.

म्हणूनच आमचा पहिला नियम: डाव सुरू झाला की भिडूशी बोलायचं नाही. कॉल नाही, मेसेज नाही, खोकून खूण करणं नाही (हो, हेही झालंय). बोलायला मोकळीक दिली की दोघांतला जास्त येणारा दोघांचा डाव खेळतो. आणि कमी येणारा? तो हमाल. असे किती फॉरमॅट नुसत्या नियमांच्या चळतीवर रचलेले पाहिले! हा बंद, तो बंद, ही ॲबिलिटी (पोकेमॉनचा अंगचा गुण) नको, ती मूव्ह (चाल) नको. शोडाऊनवर तर चॅलेंज देताना फॉरमॅटच्या नावापुढे तीन ॲट-चिन्हं टाकायची, मग उणे लावून बंद, अधिक लावून चालू, दोन मिनिटांत नवा ‘फॉरमॅट’ तयार. सोय झकास आहे, मीही वापरतो. पण त्या सोयीने आपल्याला वाटायला लागलंय की फॉरमॅट काढणं म्हणजे वजाबाकी. दोन माणसांमध्ये काय घडणार, कोण कोणाकडून काय लपवणार, कोण कोणावर विसंबणार, हे कोणी बघतच नाही.

आणि बाहेर पडलेल्याचं काय? साध्या मल्टी बॅटलमध्ये तुझे तिन्ही संपले की तुझी जागा रिकामी. मग भिडू एकटा दोघांशी लढतो आणि तू बघत बसायचं. त्या दिवशी हीट्रॅन पडला, पाठोपाठ माझे उरलेले दोन पडले, आणि मी गप्प बसून धाकटीला एकटीला लढताना पाहिलं. हरली. पण चार फेऱ्या टिकली, माझ्याशिवाय.

यावर खुद्द गेममध्ये एक भारी उत्तर आहे आणि त्याचं कोणी कौतुक करत नाही. 2016 च्या सन-मूनमधला बॅटल रॉयल. चौघंही एकमेकांविरुद्ध, पण कोणाही एकाचे सगळे पडले की डाव तिथेच खलास. मग कोणी किती पाडले आणि कोणाकडे किती उरले यावर क्रमांक. म्हणजे बाहेर बसून जांभया देणं नाही. शेवटचा उरेपर्यंत चालणाऱ्या डावात सगळे दबा धरून बसतात, त्यालाही बऱ्यापैकी चाप. लोक त्याला पोरखेळ म्हणतात. म्हणोत.

आम्ही तेच उचललं. उसनवारीत दोघांपैकी एकाचे तिन्ही पडले की जोडी हरली. भिडूला वाऱ्यावर सोडून स्वतःचे तीन वाचवण्यात अर्थच उरत नाही.

पण फॉरमॅटचा जीव आहे तो तिच्या डोक्यातून आलेला. त्या डावानंतर दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी मी सॉरी म्हणायला गेलो तर ती म्हणाली, “तुझा हीट्रॅन मला दे. माझ्याकडे असला तर मी नाही मारणार त्याला. आणि गार्चोम्प तू घे, मग बघू कसा आवरतोस.”

झाला फॉरमॅट. प्रत्येकाने तीन बांधायचे, त्यातला एक भिडूला उसना द्यायचा. टीम म्हणजे शेवटी मजकूरच असतो: नाव, आयटम, ॲबिलिटी, चार मूव्ह. कॉपी करून पाठवायचा की झालं. जोडीच्या सहांत एकही पोकेमॉन दोनदा नको. पहिल्याच चाचणीत एका शहाण्याने भिडूला भंगार दिलं आणि स्वतःचे दोन दणकट ठेवले. मग नियम आला की सुरुवातीला दोघांनीही उसनाच उतरवायचा. आता द्या भंगार! पहिल्या फेरीला जोडीच्या दोन्ही जागांवर उसनेच उभे, त्यातला एक तुमचं भंगार. हा नियम सुचला तेव्हा मी खुर्चीवरून उठून नाचलो होतो, खोटं कशाला बोलू.

धाकटी उसना देताना टोपणनावही देते. माझ्याकडे आलेल्या गार्चोम्पचं नाव होतं ‘नीट वापर’.

हो, तोटे आहेत. अनोळखी भिडू मिळाला आणि तो मध्येच निघून गेला तर डाव बोंबलतो. चौघांच्या टायमरमुळे रेंगाळतोही. न बोलण्याचा नियम कोणी तपासू शकत नाही, शब्दावरच चालतं. मान्य. पण ‘लॅडरवर (अनोळखी लोकांशी क्रमवारीसाठी खेळायच्या लढतींत) चालणार नाही’ हा काही प्रत्येक खेळाचा मृत्युलेख नसतो. ट्रिपल बॅटल, म्हणजे मैदानात तीन विरुद्ध तीन, 2010 मध्ये आलं, सन-मूनपर्यंत गायबही झालं. तरी कोपऱ्यातल्याला पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचता येत नाही, ही त्यातली गंमत आठवणारे आहेतच ना?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण मित्रावर चिडलोय ते कदाचित एवढ्यासाठीच, की तो जे बोलला ते मी दोन महिन्यांपूर्वी अगदी त्याच सुरात बोललो असतो.

परवाचा डाव. माझ्या हातात ‘नीट वापर’, शेजारी तिच्या हातात माझा हीट्रॅन. समोरचे दोघेही जमिनीवर, दोघेही अर्धमेले. अर्थक्वेकने दोघं जातात, आणि हीट्रॅनही जातो. विचारायची सोय नाही. टायमर पळतोय. ती प्रोटेक्ट करेल? की ती माझ्यावर सोडेल, मी काहीतरी दुसरं मारेन म्हणून? वीस सेकंद बोट तसंच धरून बसलो आणि मग दाबलं.

तिने प्रोटेक्ट केलंच नव्हतं. हीट्रॅन आत घेऊन उडणारा झॅपडॉस उतरवला होता. समोरचे दोघे आडवे, आमचं काहीच नाही. बाजूच्या खोलीतून एवढंच ऐकू आलं: “किती वेळ लावतोस रे दादा!”

शनिवारी रात्री पुन्हा खेळतोय. दोन जागा रिकाम्या आहेत, कमेंटमध्ये सांगा. बॅनलिस्ट विचारणाऱ्याने येऊ नये. बरं, ये. पण तुझा सगळ्यात लाडका पोकेमॉन दुसऱ्याच्या हातात द्यायची तयारी ठेवून ये.