ईपीटी बंद करायला सांगणारा तो मेसेज

‘व्हीएम मंद आहे? ईपीटी बंद करा, पेज टेबलचं काम हायपरकॉलवर टाका, बलून लावा, रॅम दुप्पट!’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोचला. व्हीएम म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरवर (होस्ट) चालणारा आभासी कॉम्प्युटर (गेस्ट). पेज टेबल म्हणजे कुठला पत्ता मेमरीत खरा कुठे आहे याची नोंदवही, ईपीटी म्हणजे गेस्टचे पत्ते होस्टच्या मेमरीशी जोडणारी इंटेल प्रोसेसरमधली सोय, आणि हायपरकॉल म्हणजे गेस्टने होस्टला सांगितलेलं काम. त्याने प्रोजेक्टच्या केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवणारी यंत्रणा) सर्व्हरवर ईपीटी खरंच बंद केलं आणि आता बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार करण्याचं काम) संपता संपत नाही.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य ‘ईपीटी बंद करा’ हेच आहे. कारण काय दिलंय, तर ईपीटीमुळे एका पत्त्यासाठी ४ ऐवजी २४ वेळा मेमरी वाचावी लागते. आकडा खरा आहे, पण टीएलबीमध्ये (अलीकडे शोधलेल्या पत्त्यांचा प्रोसेसरमधला साठा) पत्ता सापडला नाही तरच, आणि तेही वाईटात वाईट स्थितीत. उलट ईपीटी काढलं की केव्हीएम शॅडो पेज टेबलवर, म्हणजे गेस्टच्या टेबलवरून होस्टने स्वतः सांभाळलेल्या टेबलवर, येतो. मग गेस्ट स्वतःच्या पेज टेबलमध्ये लिहू लागला की होस्टला मध्ये पडावं लागतं. अशी प्रत्येक व्हीएम एक्झिट (गेस्ट थांबून होस्टकडे जाणं) म्हणजे प्रोसेसरच्या साधारण हजारभर सायकल गेल्या. बिल्ड तर सतत नव्या प्रोसेस काढतो, प्रत्येकीचं पेज टेबल वेगळं. मरणारच तो! २४ चा आकडा खुपत असेल तर गेस्ट आणि होस्ट दोन्हीकडे २ एमबीची ह्यूज पेजेस (मेमरीचे मोठे तुकडे) लावा, तो १५ वर येतो.

हायपरकॉलवर टाका म्हणे. कुठल्या? केव्हीएममध्ये त्यासाठी ‘एमएमयू ऑप’ नावाचा हायपरकॉल होता. लिनक्स कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये त्याच्यापुढे ‘डेप्रिकेटेड’ (आता वापरू नये) असं लिहिलंय. पानभराची यादी आहे, ती तरी वाचायची.

हायपरकॉलच्या सल्ल्यात अर्धं सत्य आहे, तेही जुनं. २००३ मध्ये झेन (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आलं तेव्हा एक्स८६ प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोयच नव्हती. पेज टेबलमधले बरेच बदल एकाच हायपरकॉलमध्ये पाठवण्यात तेव्हा खरोखर फायदा होता. २००८ मध्ये इंटेलच्या नेहालेम प्रोसेसरमध्ये ईपीटी आलं आणि ती गरज बरीचशी संपली. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर टीएलबी फ्लशचा (टीएलबीतले जुने पत्ते पुसण्याचा) हायपरकॉल आजही उपयोगी आहे, हेही मान्य. पण केव्हीएमवर लिनक्स गेस्टला लिनक्स ४.१६ पासून तोच फायदा फ्लशसाठी हायपरकॉल न करता मिळतो: जो व्हीसीपीयू (व्हीएमचा आभासी प्रोसेसर) चालू नाही त्याच्यासाठी सामायिक मेमरीत खूण करायची, तो परत चालू होताना होस्ट फ्लश करतो.

आणि बलून गेस्टकडून रॅम काढून होस्टला देतो. दुप्पट कुठून होणार? जास्त फुगवलात तर गेस्ट स्वॅपमध्ये (रॅमऐवजी डिस्कवर) जाईल, नाहीतर ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा भाग) तुमचा डेटाबेसच मारून टाकेल.