डावा मेंदू, उजवा मेंदू : फोंड्याच्या वाचकांच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘मेंदूचे दोन्ही गोलार्ध (डावा व उजवा अर्धा भाग) सारखेच असतील, तर आमच्या भजनी मंडळातील पेटीवादकांचा उजवा हात आणि वाचा पक्षाघातात एकदम कशी गेली?’ हा आपला सवाल रास्त आहे. माझ्या लेखात ‘सारखेच’ हा शब्द मी वापरला, ती माझी चूक. गोलार्ध दिसायला जवळपास सारखे असले, तरी कामाने तसे नाहीत.

हाताला आज्ञा नेणारे बहुतेक मज्जातंतू लंबमज्जेच्या (मेंदूला पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाच्या) खालच्या टोकाशी बाजू बदलतात, म्हणून उजवा हात डाव्या गोलार्धाच्या ताब्यात असतो. उजव्या हाताने कामे करणाऱ्या बहुसंख्य माणसांची भाषाही मुख्यतः त्याच गोलार्धात असते. तेथील इजेने वाचा जाते, हे फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६० च्या दशकात दाखवले. या दोन्ही जागांना मुख्यतः एकाच धमनीचे रक्त मिळते. ती तुंबली की हात आणि वाचा बरोबरच जातात.

मात्र यावरून ‘गणित डावीकडचे, गाणे उजवीकडचे’ हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही. लेखासाठी मी म्हापशाच्या बाजारातून बोकडाचा भेजा आणला होता. त्याचे दोन अर्धे अंगठ्यांनी हलकेच विलग केले, तेव्हा खोल फटीच्या तळाशी आडवा पांढरा पट्टा दिसला. हाच कॉर्पस कॅलोसम. माणसात त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात आणि त्यांतून दोन्ही बाजूंची अखंड देवाणघेवाण चालते. अमेरिकी मेंदूसंशोधक रॉजर स्पेरी यांनी (नोबेल, १९८१) गोलार्धांची वेगवेगळी कामे दाखवली, ती अपस्मारावर (फेफऱ्यावर) उपाय म्हणून हा पट्टा कापलेल्या रुग्णांमध्ये. तुम्हा-आम्हा सर्वांचा पट्टा शाबूत असतो. पेटीवादक अभंग गात, तेव्हा शब्द, चाल, ताल आणि बोटे यांसाठी दोन्ही गोलार्ध राबत होते.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची नोंद शेवटी आली आहे : त्यांना साधे ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण आरतीचे शब्द ते सुरात म्हणतात. असे इतर रुग्णांतही आढळते. चाल पेलण्यात उजव्या गोलार्धाचा मोठा वाटा असतो आणि त्यांचा तो गोलार्ध वाचला आहे. त्यांच्या वाचाउपचारतज्ज्ञांना हे अवश्य सांगा. छोटी वाक्ये सुरावर म्हणवून घेत बोलणे परत शिकवण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे, आणि आरती म्हणणाऱ्या माणसावर ती करून पाहायलाच हवी.