‘न दुखणारी गाठ साधी’ म्हणे!

बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून येतच असतो. शब्द बदलतात, मजकूर तोच: छातीतली गाठ दुखत नसेल तर ती साधी असते. घराण्यात कुणाला कॅन्सर नसेल तर तुम्हाला भीती नाही. गाठीला सुई लावू देऊ नका, पसरते. मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) नॉर्मल आली की विषय संपला. तोवर हळद-चुन्याचा लेप लावा. खाली जोडलेले हात आणि ‘मैत्रिणींना पाठवा’.

या मेसेजमागची एक गोष्ट खरी आहे, ती आधीच सांगून टाकते. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. विशी-तिशीत बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमा निघतो, गुळगुळीत आणि बोटाखालून सटकणारा. चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, जास्त दिसतात. पाळीच्या आधी छाती जड होते, गाठी-गाठी लागतात आणि पाळी आली की ओसरतात, हे अनेकींच्या सवयीचं असतं. पण या बहुतेकींत आपण आहोत की नाही, ते आरशासमोर उभं राहून ठरत नाही.

आता दुखण्याचं. मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण गोष्ट जवळजवळ उलटी आहे. सुरुवातीचा कॅन्सर सहसा दुखत नाही. दुखतात त्या बऱ्याचदा सिस्ट, सूज किंवा पाळीच्या चक्रातल्या गाठी. म्हणजे जिला ठणका लागतो ती डॉक्टरांकडे जाते आणि निर्धास्त होऊन परतते. जिला काहीच होत नाही ती ‘दिवाळी होऊन जाऊ दे, मग बघू’ म्हणते, आणि दिवाळीनंतर मुलाची बारावी असते. दुखणारी गाठ कॅन्सरची नसतेच, असंही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तेव्हा दुखणं हा निकषच सोडून द्या.

घराण्याचं म्हणाल, तर आनुवंशिक जनुकदोषामुळे होणारे स्तनाचे कॅन्सर साधारण ५ ते १० टक्केच. बाकीच्यांतल्या बहुतेक बायका ‘आमच्यात कुणालाच नव्हतं’ म्हणणाऱ्याच असतात. २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. आणि घराण्याचा हिशेब करताना आपण आई आणि मावशीपाशीच थांबतो. आत्या आणि वडिलांची आईही तितक्याच मोजायच्या, कारण दोष वडिलांकडूनही येतो.

सुईच्या भीतीमुळे तर तपासणीच अडते. ‘लोखंड लागलं की चवताळतं’ हे आपल्याकडे शिकलेसवरलेलेही म्हणतात. आजार आधीच पसरलेला असताना सुई लागते, आणि बिल सुईच्या नावावर फाटतं. सुईच्या या तपासणीत, म्हणजे बायोप्सीत, प्रत्यक्षात काय होतं ते बघा. कातडी बधिर करतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई गाठीत नेतात, खट्ट आवाज होतो आणि दोऱ्याएवढा तुकडा सुईत येतो. असे काही तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीत जातात, वर पट्टी, आणि बाई घरी. सुईच्या वाटेत थोड्या पेशी सरकू शकतात हे खरं, पण त्यामुळे रुग्णाचं आयुष्य घटतं असं दिसलेलं नाही. गाठ नेमकी कसली, कुठल्या औषधाला दाद देईल, हे त्या तुकड्याशिवाय कळत नाही.

मॅमोग्राफीचं अर्धसत्य आहे. तरुण स्तन दाट असतो, त्यात गाठ लपते. म्हणून कमी वयात आधी सोनोग्राफी करतात. हाताला गाठ लागतेय आणि मॅमोग्राफी स्वच्छ आहे, तर तपास पुढे न्यायचा. हाताची तपासणी, सोनोग्राफी-मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी, तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

लेपाबद्दल एवढंच: चुन्याने कातडी भाजते, गाठ विरघळत नाही.

मग जायचं कधी? नवी गाठ एक पाळी उलटूनही राहिली तर. पाळी गेलेल्या बाईने तेवढंही थांबू नये. बोंड नव्याने आत ओढलं गेलं, त्यातून आपोआप रक्त आलं, कातडी खळीसारखी ओढली गेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी झाली, काखेत गाठ लागली, तर लगेच. अंगावर पाजणाऱ्या आईची ‘दुधाची गाठ’ उपचार करूनही दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर सोनोग्राफी करावी, ती तेव्हाही सुरक्षित असते. सुरुवात महागड्या यंत्रापासूनच व्हायला हवी असंही नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटाला प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं. त्या गटात कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

सोनोग्राफी-मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स’ नावाची श्रेणी असते, संशय किती ते सांगणारी. तिथे ‘बायरॅड्स ४’ दिसलं तर तो कॅन्सरचा शिक्का नव्हे, पण बायोप्सी टाळायची नाही. ‘बायरॅड्स ३’ म्हणजे बहुधा साधी गाठ, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघायची. ही सहा महिन्यांचीच तारीख सगळ्यात जास्त विसरली जाते. ती डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या आणि जाताना जुना रिपोर्ट फिल्मसकट न्या. गाठ वाढली की आहे तेवढीच आहे, ते दोन्ही शेजारी ठेवल्यावरच कळतं.