गाठ रबराशी आहे

"गाठ माझ्याशी आहे," असे दरडावून सांगणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. परंतु एका क्षुल्लक रबरी पट्टीने हेच वाक्य न उच्चारता ज्या निर्धाराने मला ऐकवले, तसे आजवर कोणालाही साधलेले नाही.

बंद खोलीत उडवायची रबरावरची विमाने करण्याचा नाद मला ऐन चाळिशीत लागला. या विमानाची मोटर म्हणजे पट्टीची दोन टोके बांधून केलेला वेढा. तो पुढच्या पंख्याच्या आणि शेपटीकडच्या आकड्यांत अडकवायचा आणि पीळ भरायचा. १८७१ साली आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्विलरी बागेत अशाच पिळावर आपले विमान ११ सेकंद उडवले होते. त्याची गाठ सुटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. जागतिक स्पर्धांच्या एफ-वन-डी प्रकारात ५५ सेंटीमीटर पंखविस्ताराचे विमान अवघ्या १.४ ग्रॅमचे असते आणि त्याला ०.४ ग्रॅम रबर पुरते. एवढ्या भांडवलावर ती विमाने उंच सभागृहात वीस मिनिटांहून अधिक काळ तरंगतात. हे वाचून मी उत्साहाने पट्टी घेऊन नागपूरच्या इतवारी बाजारात एका सराफाकडे वजन करायला गेलो, तेव्हा त्याने काट्याकडे, रबराकडे आणि शेवटी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती मोडीत निघालेल्या दागिन्यांच्याही वाट्याला येत नसावी.

खरी अडचण गाठीची. सुरगाठ चालत नाही, कारण ती सुटण्यासाठीच जन्माला आलेली असते. निरगाठ मारावी, तर रबर ताणले की बारीक होते आणि गाठीतून साळसूदपणे निसटते. जाणकारांचा उपाय असा, की टोके थुंकीने ओली करावीत, डावे उजव्यावर आणि मग उजवे डाव्यावर घ्यावे, आणि रबर ताणलेल्या स्थितीतच गाठ आवळावी. तेल लावायचे ते त्यानंतर, म्हणजे पीळ भरताना धागे एकमेकांवर घासून तुटत नाहीत. मी उतावीळपणे आधी तेल लावले आणि पहिल्या दिवशी सात गाठी मारून सातही गमावल्या. आठवीच्या वेळी तेल वर्ज्य केले. पण दुपारी सावजीचा तर्रीदार रस्सा ओरपला होता, त्यामुळे थुंकीतूनही तेलच आले.

त्यातून मे महिना. नागपुरात पारा ४५ अंशांवर असताना तोंडात थुंकी शिल्लक राहणे हीच मुळात चैन आहे. कुलरच्या झोताने विमान भिंतीवर आपटते म्हणून तो बंद ठेवावा लागतो, आणि खसाच्या ताट्या कोरड्या पडू लागल्या की घरातील माणसांचा विज्ञानविषयक आदरही त्याच वेगाने आटू लागतो. मी तोंडात चिंच धरून काम चालवले. रबर मूळ लांबीच्या पाचपट ताणून पीळ भरायचा असल्याने एक टोक स्वयंपाकघराच्या दारात पत्नीच्या हाती आणि दुसरे दिवाणखान्यात माझ्या फिरकीला, अशी आमची रचना असे. चारशे फेरे झाले, की गाठ सुटे आणि तो फटका नेमका तिच्या बोटांवर बसे. त्यानंतरचे संभाषण येथे देत नाही.

अखेर आईनेच सुपारी गालात सारून विचारले, "काय करून राहिला रे कवाचा?" मी घर्षणाचा सिद्धान्त समजावू लागलो. तो पुरा होण्याआधी तिने पट्टी हातात घेतली, ओठांतून ओली केली, दातांत धरून ताणली आणि गाठ मारून माझ्या मांडीवर टाकली. आयुष्यभर परकराच्या नाड्या आणि लोणच्याच्या बरण्यांची फडकी बांधलेली ती बोटे होती.

त्याच संध्याकाळी वीज गेली. सारी गल्ली हळहळत असताना मी आनंदाने फिरकी उचलली. हजार फेरे भरले. गाठ हलली नाही. मेणबत्तीच्या उजेडात विमान अलगद वर चढत गेले, छताखाली तीन संथ घिरट्या घालून थबकले आणि बंद पंख्याच्या पात्यावर जाऊन बसले. मी शिडी आणायला शेजारी धावलो. शिडी घेऊन दारात पाऊल टाकतो न टाकतो, तोच वीज आली.

बाल्साच्या हलक्या लाकडी काड्या आणि पंखांची झिल्ली सोफ्यापासून देवघरापर्यंत विखुरली होती. सगळे गप्प होते. आईने मात्र कोपऱ्यातून रबर उचलले, दिव्यासमोर धरून निरखले आणि म्हणाली, "पाय बरं, गाठ हाय ना जशीच्या तशी?"