कुजलेलं धान्य खाणारे 'इंग्रज' आणि हरिपूरचं पेव

सकाळी सातला सांगलीहून आत्याचा फोन. "तू लेकीकडे गेली होतीस तेव्हा गवताच्या छपराचं ते गोल घर बघून आलीस ना? त्याचाच फोटो आलाय गटावर. खरंय का गं हे?"

फोटो इंग्लंडमधल्या हॅम्पशरच्या बट्सर एन्शंट फार्मचा. खाली मजकूर असा: २५०० वर्षांपूर्वीचं हे मूळ घर अजून उभं आहे, इंग्रज अशा खोपटात राहायचे, धूर जायला साधं भोक ठेवायची अक्कल नव्हती, धान्य खड्ड्यात पुरून कुजलेलं खायचे, आणि तेव्हा आपण महालात राहत होतो. शेवटी 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. आत्याला अभिमान होता, तिने पाठवलं.

'मूळ घर' वगैरे काही नाही. पीटर रेनल्ड्स या पुरातत्त्वज्ञाने १९७२ साली ही प्रयोगशेती सुरू केली. डॉर्सेटमधल्या पिम्पर्नच्या उत्खननात खांब रोवल्याच्या खळग्यांची वर्तुळं सापडली होती. त्यांवरून त्याने १९७६ साली जवळपास १३ मीटर व्यासाचं घर बांधलं. छप्पर कसं होतं हे खळगे सांगत नाहीत, म्हणून तो स्वतःसुद्धा त्याला पुनर्बांधणी म्हणायचा नाही, नुसती बांधणी म्हणायचा. आणि इंग्रज? त्यांचे पूर्वज त्या बेटावर आले इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आसपास. या घरांतले लोक त्याआधीचे, 'ब्रिटन' म्हणून ओळखले जाणारे.

आता भोक. छपराला भोक ठेवलं की खालून ओढ लागते, जाळ भडकतो, ठिणग्या वर जातात आणि वर काय आहे? वाळलेलं गवत! धूर त्या गवतातूनच झिरपत बाहेर पडतो, जसा आजीच्या घरी कौलांच्या फटींतून निघायचा. मी आत गेले तेव्हा चूल पेटलेली होती. उभी राहिले तर डोळे चुरचुरले, बाकावर बसले तर काही नाही. धूर डोक्याच्या वर तरंगत होता. तब्येतीला तो वाईटच, हे कबूल. चुलीपुढे जन्म काढलेल्या आजीचा खोकला मी ऐकलेला आहे. पण त्याला बिनअकलेचं म्हणायचं तर आजीलाही म्हणा.

खरा संताप आला तो धान्यावरून. आणि हे सांगलीत बसून पुढे पाठवावं?

रेनल्ड्सने चुनखडीच्या जमिनीत खड्डे खणले, धान्य भरलं, तोंड मातीने लिंपून बंद केलं आणि वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. कडेचे ओलसर दाणे थोडे अंकुरतात, आतला प्राणवायू संपवतात, कर्बवायू सोडतात. मग सगळं थंडावतं, ना अंकुर ना कीड. कडेचा पातळ थर वाया जातो. बाकीचं धान्य वसंतात काढून पेरलं तरी उगवतं. मात्र पाणी शिरलं की सगळं नासतं, त्यामुळे 'कुजलेलं' या शब्दात तेवढ्यापुरतं तथ्य आहे.

आत्या, याला आपल्याकडे पेव म्हणतात! तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर हरिपूर आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हळद जमिनीतल्या पेवांत राहिली, कीड न लागता, ती याच कारणाने. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, जीव जातो, हे मला लहानपणी तूच सांगितलंस. २००५च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं गेली, तेव्हा हळहळलीसही तूच. तीच युक्ती ब्रिटनमध्ये केली की रानटीपणा?

राहिले महाल. मोहेंजोदडोची पक्क्या विटांची घरं आणि गटारं खरी, त्याबद्दल वाद नाही; पण ती या घरांच्या दीडेक हजार वर्षं आधीची, आणि सिंधूकाठची. आपल्या पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथे इ.स.पू. १०००च्या सुमारास आधीची मोठी चौकोनी घरं जाऊन आल्या लहान गोल झोपड्या. कूड, माती, वर गवत. आणि हो, धान्याचे खड्डेही सापडले.

एवढं सगळं फोनवर सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, "मी तर तीन गटांवर टाकलंय गं." मग आता हेही टाक तिन्ही गटांवर.