दुःखाचा दाखला आणा

जुन्या सीडी बदलून देणाऱ्या दुकानात काल माझा जो पाणउतारा झाला, तो अजून पचलेला नाही. परत करायला नेली होती अमेरिकन गिटारवादक जॉन मेयरच्या तिघांच्या बँडची, म्हणजे जॉन मेयर ट्रायोची ‘ट्राय!’, २००५ साली शिकागोच्या हाऊस ऑफ ब्लूजमध्ये झालेल्या कार्यक्रमाची. मालक ती उजेडात तिरकी धरून ओरखडे शोधत होता, तेवढ्यात शेजारचं गिऱ्हाईक बोललं. डोक्यावर बुचडा, टी-शर्टवर गिटारवाला हेंड्रिक्स, हातात केळ्याच्या वेफर्सची पुडी.

“ही परत करताय? ही परत करताय? ब्लूज तुमच्यासाठी नाही, काका.”

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं. त्याच्या कडव्यात पहिली ओळ दोनदा म्हणतात, तिसरीत तिचं उत्तर येतं आणि मधल्या जागा गिटार भरते. हा मुलगा बोलायचाच त्या चालीवर. मधल्या जागा वेफर्स भरत होते, कुर्रम कुर्रम.

“दुःख भोगलंय का तुम्ही? दुःख भोगलंय का? त्याशिवाय हे कळत नाही.”

“गृहकर्ज आहे,” मी म्हणालो.

“ते चालत नाही.”

“वीस वर्षांचं आहे हो!”

“प्रेमभंग?”

“होणार होता. पण तिने होकार दिला.”

त्याला माझी कीव आली. मालक हसला, ते मात्र लागलं.

अरे बाबा, मी दुःख शोधायलाच तर ही घेतली होती! पिनो पॅलाडिनोचा बेस आणि स्टीव्ह जॉर्डनचे ड्रम्स, दोघांना दंडवत. मेयरची बोटंही तयार. स्टीव्ही रे वॉन या ब्लूज गिटारवादकाचा त्याने केलेला अभ्यास पक्का. पण ‘आउट ऑफ माय माइंड’मध्ये सात मिनिटांहून जास्त वेळ त्याचं जे विव्हळणं चालतं, ते ऐकताना स्नेहसंमेलनात मिशी चिकटवून आलेला आजोबा आठवतो. पाठांतर चोख, खोकलासुद्धा वेळेवर. आणि वयाचं निमित्त नको. मेयर तेव्हा २७ वर्षांचा होता. जुना ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन त्याच वयात २९ गाणी मागे ठेवून मेलासुद्धा.

शिवाय गाव कोणतं, तर शिकागो! १९४३ साली ब्लूज गायक मडी वॉटर्स मिसिसिपीहून इथे आला. बारमधल्या कलकलाटात साधी गिटार कोणाला ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेवरची धरली. या सीडीत मात्र कलाकार जरा कण्हला की श्रोत्यांतून चीत्कार. एवढं सगळं झाल्यावर ‘डॉटर्स’! बापांनी मुलींशी नीट वागावं, असा उपदेश करणारं, ग्रॅमी मिळालेलं गोडगोड गाणं. एक ‘ग्रॅव्हिटी’ खरंच सुरेख आहे, पण ते पुढच्याच वर्षी मेयरच्या ‘कंटिन्युअम’ या अल्बममध्ये आलं आणि ती सीडी माझ्याकडे आहे.

यातलं काही बोलायची संधी मला मिळाली नाही. तक्रार करायची तर आधी हृदय फुटल्याचा दाखला आणा, असा नियम कोणी केला? डोसा कच्चा आहे हे सांगायला काय उडुपीत जन्मावं लागतं?

“ऐंशी रुपये,” मालक म्हणाला. “रोख नाही. इथलंच काहीतरी घ्यायचं.”

“ऐंशी? ऐंशी?” कुर्रम. “काका, मी साठ देतो, रोख.”

दिली. नोटांना वेफर्सचं तेल लागलं होतं. आणि मी ती साडेतीनशेला घेतली होती, तीही याच दुकानातून.