मामी, मला ही रम आवडत नाही

परवा इंदूरच्या राजेंद्र नगरला मामांकडे बसलो होतो. मामा फौजेतले, महूहून रिटायर झालेले. कॅन्टीनची ओल्ड मंक त्यांच्या कपाटात देवघरातल्या समईइतकी ठरलेली. नेहमीप्रमाणे त्यांनी दोन बोटं ओतली, वर कोक घातला, आणि नेहमीप्रमाणे मी ग्लास नुसता धरून बसलो. तासाभराने मामींच्या लक्षात आलं. "अरे, तुझा पहिलाच चाललाय अजून. बरं नाही का?" कसं कोण जाणे, खरं निघून गेलं. "मामी, मला ही आवडतच नाही."

पोह्यांवर शेव नको म्हटलं असतं तरी इतकी शांतता पसरली नसती.

म्हणून आता लिहूनच टाकतो. 1954 सालापासून चालत आलेली, जाहिरातबाजीशिवाय घराघरांत पोचलेली ही रम. तिच्याशी माझं भांडण नाही. कॉलेजात डिसेंबरच्या थंडीत गच्चीवर, स्टीलच्या पेल्यातून, चौघांत एक क्वार्टर प्यायलोय. प्रेम त्या गच्चीवर होतं हे कळायला चाळिशी उलटली. आज ग्लास नाकाशी नेला की वॅनिलाचा जो भपकारा येतो त्याने मला वाढदिवसाचा केक आठवतो. आणि केक मला ग्लासातून नको असतो.

मित्र म्हणाले, भिया, तू भारीतली पिऊन बघ. बघितली. भाचा परदेशातून येताना ड्युटी फ्रीची एक नामांकित बाटली घेऊन आला. लाकडी बूच, जाड काच, लेबलावर नक्षी. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "काय स्मूद आहे!" मला ती खोकल्याच्या औषधासारखी लागली. जीभ टाळूला चिकटत होती. रात्री एका स्टीलच्या ताटलीत तिचा एक चमचा ओतला, दुसरीत दुसऱ्या एका रमचा, आणि दोन्ही ओट्यावर ठेवून झोपलो. दारू उडून जाते, घातलेली साखर मागे राहते, एवढंच यामागचं शास्त्र. सकाळी दुसऱ्या ताटलीवर पुसटसा डाग होता. पहिलीत बोट लावलं तर ताटली बोटाबरोबर उचलली गेली, आणि कडेने लाल मुंग्यांची रांग लागलेली. बायकोने विचारलं, "काल गुलाबजाम कोणी खाल्ले?"

बाटलीचं नाव सांगत नाही, भाच्याला वाईट वाटेल. पण ही काही एकट्या कंपनीची लबाडी नव्हे, धंद्याची सर्रास रीत आहे. युरोपात आता नियम आहे की रमच्या लिटरमध्ये 20 ग्रॅमपेक्षा जास्त गोडवा घालायचा नाही. म्हणजे नियमात राहूनही 750 मिलीच्या बाटलीत 15 ग्रॅम, चांगले तीन चमचे साखर बसते. आपल्याकडे तर बाटलीवर हा आकडाच नसतो. आणि मग आपण त्याला "स्मूद" म्हणतो. कच्च्या कैरीला गूळ चोळून तिला हापूस म्हणावं, तसं.

गंमत अशी की रम जन्मतः गोड नसतेच. साखर कारखान्याची उरलेली मळी, ती आंबवायची आणि गाळायची. यीस्ट साखर खाऊन टाकते, आणि भट्टीतून थेंब थेंब खाली येतं त्यात साखर शिल्लक नसते. कोल्हापूर-सांगलीकडे बसने जाताना कारखाना आला की खिडकीतून जो आंबूस, नाकाला झोंबणारा वास येतो, त्याच्या जवळपासचं काहीतरी मला रममध्ये हवं असतं. नाहीतर मळीपासून बनवली कशाला?

ते मला जमैकाच्या रममध्ये सापडलं. (दुसरी ताटली तीच.) तिथे गाळून झाल्यावर भट्टीच्या तळाशी उरणारं आंबट पाणी फेकून देत नाहीत. डंडर म्हणतात त्याला, ते पुढच्या घाण्यात घालतात. काही ठिकाणी मळी दिवसेंदिवस आंबू देतात, त्यातून फळांसारखे वास तयार होतात. साखर घालायला तिथले नियम परवानगी देत नाहीत. रे अँड नेफ्यूची पांढरी रम 63 टक्क्यांची. पहिल्यांदा बूच उघडलं तेव्हा गणपतीच्या पाचव्या दिवशी फळांच्या परडीला येतो तो वास आला: काळी पडलेली केळी, अननस, आणि मागून थोडंसं व्हार्निश. पाणी घालून घोट घेतला आणि हसूच आलं. इतका बेशरम स्वाद!

कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरची बहुतेक रम तर मळीलाही शिवत नाही, थेट उसाच्या रसाची. त्यांनी 1996 मध्ये तिच्यासाठी वाइनसारखा मूळ गावाच्या नावाचा कायदेशीर शिक्का मिळवलाय. वास रसवंतीवर ताज्या चिपाडांचा येतो तसा, हिरवा. हरियाणातून निघणारी कामिकाराही रसाचीच आहे, त्यामुळे अगदीच परदेशाच्या आशेवर बसायला नको. थंडीत सराफ्यातून गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तुकडे, बांधून आणायचे, वर जीरावण मसाला आणि लिंबू, आणि सोबत ही रसाची रम. कोक घातलात तर मी उठून जाईन.

कोणी म्हणेल, इंदूरचा माणूस आणि गोडाला नावं ठेवतो? नाही हो. पोह्यांबरोबर जिलबी मी रोज खाईन. शिकंजीचे दोन ग्लास संपवतो. पण जिलबी सांगते की मी जिलबी आहे.

मागच्या रविवारी जमैकावाली बाटली मामांकडे घेऊन गेलो. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला, मग मामींना हाक मारली. "अगं, त्या मागच्या दारांना पॉलिश करायचं राहिलंय ना?"

पण ग्लास परत दिला नाही.